कुंपणाबाहेरचा चहा

किसनरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन अगदी बिनधोक पार पडलं. पंचाईत झाली ती चहाची.

मोतीबिंदू उजव्या डोळ्याचा. डॉक्टरांनी तो वीस मिनिटांत काढला आणि पुढची वीस मिनिटं काय काय करायचं नाही ते सांगण्यात घालवली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही आणि आठ दिवसांनी तपासणी होईस्तोवर गावाकडं फिरकायचं नाही. किसनरावांचं गाव सेनगावच्याही पलीकडं. शेवटच्या सहा किलोमीटरला रस्ता म्हणावा असं काही नाही, नुसता फुफाटा. त्यातून मार्च महिना. म्हणजे आठ दिवस हिंगोलीतच काढणं आलं. बरं, हिंगोलीत पोटची लेक होती, सालस जावई होता, कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्याला नव्या प्लॉटिंगमध्ये त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं, पंख्याखाली खाट होती. दुसरा कुणी असता तर आठाचे पंधरा दिवस करून गेला असता.

पण किसनराव लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हते.

आता हा नेम काही त्यांनी काढलेला नव्हता. लेकीला लेकरू होत नाही तोवर बापानं तिच्या घरचा घोट घ्यायचा नाही, हे त्यांच्याकडं पणज्यापासून चालत आलेलं. अलीकडं हा नेम पाळणारी माणसं अख्ख्या तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि त्यातलं एक बोट आपलं, याचा किसनरावांना भारी अभिमान. नेम मोडणाऱ्यांना ते नावं ठेवत नसत. फक्त "चालू द्या" म्हणत, पण असं म्हणत की समोरच्याच्या घशात घास अडकावा. पुनमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. तेवढ्यात ते तिच्याकडं अकरा वेळा आले आणि अकराही वेळा ओसरीच्या कडेला टेकून "नको बाई, आत्ताच झाला" म्हणून उठले. पुनम दर वेळी "बरं" म्हणायची आणि आत जाऊन गॅस बंद करायची.

जेवणाची सोय पार्वतीबाईंनी, म्हणजे किसनरावांच्या मंडळींनी, चोख लावून दिली. गावातून रोज सकाळी हिरासिंगची जीप हिंगोलीला येते. त्या जीपमधून भाकरी, भाजी, ठेचा आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन. अन्न आपलं, पाणी आपलं, टेकायला जागा तेवढी लेकीची. जागेवर टेकण्याबद्दल नेमात काही म्हटलेलं नव्हतं.

राहिला चहा. किसनरावांना दिवसातून पाच वेळा चहा लागे, आणि नुसता लागे असं नाही, तर कळे. परसात उभं राहून स्वयंपाकघरातल्या चहाचं आलं जून आहे की कोवळं हे ते वासावरून सांगत. सोयरिकीला गेले तर मुलगा-मुलगी कशी आहेत हे बाकीच्यांनी बघावं, चहा कसा होता ते किसनराव सांगणार. "दूध वरतून टाकलंय, उकळलं न्हाई," एवढ्या एका वाक्यावर त्यांनी एकदा जमत आलेली सोयरीक लांबवली होती. मात्र स्वतः चहा करणं? छे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी चहाचं भांडं फक्त वरून पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी चहा थर्मासमधून आला. पार्वतीबाईंनी तो पहाटे सहाला भरला, पण हिरासिंगची जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही. ती सेनगावला अर्धा तास थांबली, नरसीला कुणाची तरी म्हातारी दर्शन घेऊन येईपर्यंत थांबली आणि अकरा वाजता दारात आली. थर्मास उघडला. चहा चांगला गरम होता, फक्त तो आता चहा राहिला नव्हता. किसनरावांनी एक घोट घेतला, काळ्या चष्म्यामागं डोळे मिटले आणि उरलेला जास्वंदीच्या मुळाशी ओतला. जावईबापूंनी, विश्वंभर त्यांचं नाव, भीत भीत सुचवलं की हायवेवरच्या हॉटेलातून प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल आणतो.

"पन्नीत?" किसनराव म्हणाले.

"हो, म्हणजे, आता तशीच पद्धत आहे, मामा."

"जावईबापू, पन्नीत सोनपापडी आनतात. चहा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत त्यांचं डोकं असं ठणकायला लागलं की डोळ्याचं दुखणं ते विसरूनच गेले. आणि खाटेवरून उठून, खांद्यावर उपरणं टाकून त्यांनी जाहीर केलं, "मीच करतो."

"तुमी? चहा?" पुनम चक्क हसली. "आबा, कधी काडी तरी ओढलीय का तुमी?"

"काहून? चहाच करायचाय, ट्रान्सफार्मर न्हाई बसवायचा."

ज्याला कळतो त्याला करता येतो, असा त्यांचा समज. हा समज पुष्कळांचा असतो आणि तो मोडायला फार वेळ लागत नाही.

हिरासिंगच्या हाती निरोप गेला. तिसऱ्या दिवशी जीपमधून पातेलं, गाळणी, चार कपबश्या, साखर, पत्ती, आलं, घरच्या म्हशीचं दूध आणि जळणाला तुराट्यांची मोळी असं सगळं उतरलं. अंगणात तीन विटा मांडून चूल झाली. काडीपेटी मात्र पार्वतीबाई विसरल्या होत्या. ती पुनमकडून घ्यावी की नाही यावर किसनरावांनी बराच विचार केला आणि काडीपेटी पोटात जात नाही, सबब चालते, असा निर्णय दिला. मग बायकोला फोन लावला.

"पानी किती टाकू?"

"अंदाजानं टाका की."

"साखर?"

"ती बी अंदाजानंच."

"अवो, सगळं सामान पाठवलं, हा अंदाज काहून न्हाई पाठवला?"

"चाळीस वर्सं पेऊन राहिलात," पलीकडून पार्वतीबाई म्हणाल्या, "आन् दर वक्ताला खोड काढून राहिलात. आता तुमीच सांगा मला, किती टाकायची." आणि फोन ठेवून दिला. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या समाधानानं त्यांनी काही ठेवलं नसावं.

पहिलं पातेलं करपलं. दुसऱ्यात दूध नासलं, कारण घरच्या म्हशीचं असलं तरी ते पाच तास हिरासिंगच्या जीपमध्ये उन्हात बसून आलं होतं. तिसऱ्याला वारा सुटला आणि तुराटीची राख सरळ पातेल्यात. धूर इतका की पुनम हातातलं काम टाकून धावत आली. "आबा, डोळा! डोळ्याचं काय सांगितलंय डॉक्टरनं?" किसनराव खोकत म्हणाले, "डोळ्याला काही न्हाई झालं. चहाला झालंय."

याच वेळी शेजारच्या कुंपणावर गोपाळराव उगवले. गोपाळराव जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. माणूस अत्यंत सज्जन, पण साऱ्या आयुष्यात एक इंच कुणाला जास्त दिला नाही की कमी दिला नाही. त्यांना प्रत्येक विषयातलं थोडं जास्तच माहीत असे.

"किसनराव, तुमची पद्धत मुळातच चुकते," ते म्हणाले. "पाणी खळाखळा उकळवा. मग भांडं उतरवा. पत्ती टाका, ताट झाका, चार मिनिटं हात लावायचा नाही. दूध वेगळं गरम, शेवटी, चमच्यानं."

"गोपाळराव, ही तर पत्तीची आंघोळ झाली. पत्ती शिजली पायजे, शिजली!"

"शिजवायला ती काय तुरीची डाळ आहे?"

दोघांची चांगलीच जुंपली असती, पण गोपाळरावांची नजर चुलीवरून अंगणावर, अंगणावरून गेटकडं गेली आणि मोजणीखातं जागं झालं. "एक विचारू का? तुम्ही लेकीच्या घरचं काही घेत नाही ना? मग बसलात कुठं?"

"अंगनात."

"अंगण कुणाच्या नावावर? जावयाच्या. प्लॉट नंबर सतरा, चतुःसीमेसह. म्हणजे कागदोपत्री हा चहा लेकीच्या घरातच शिजतोय. मला काय, मी आपलं लक्षात आणून दिलं. नेम पाळायचा तर नीट पाळावा माणसानं."

किसनराव गारच पडले. चूल उचलून कुंपणाबाहेर गेली. तासाभरानं गोपाळराव टेप घेऊन आले, एक टोक विश्वंभरच्या हाती दिलं आणि जाहीर केलं की बांधकाम करताना कुंपणाची भिंत तीन फूट आत घेतली गेली आहे, तेव्हा भिंतीबाहेरचे तीन फूटही अजून लेकीचेच. चूल आणखी सरकली. आता ती थेट रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली येऊन थांबली. "इथून पुढं शासन," गोपाळराव म्हणाले आणि टेप गुंडाळून जेवायला गेले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक माणूस आपला चहा करून पितोय, एवढंच. पण वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून पुनमनं हट्ट करून सिमेंटच्या विटा एकावर एक रचायला लावल्या आणि चूल कंबरेपर्यंत उंच केली. धूर चालणार नव्हता, म्हणून हिरासिंगनं गावाकडून गॅसची छोटी टाकी आणि शेगडी आणली. वारा लागतो म्हणून तीन बाजूंनी पत्रा लागला. ऊन लागतं म्हणून चार बांबूंवर पार्वतीबाईंचं जुनं लुगडं ताणलं. बसायला हिरासिंगनं जीपमधलं मागचं बाक काढून ठेवलं. यातली एकेक गोष्ट डोळ्याच्या काळजीपोटी केलेली होती. सगळ्या मिळून काय झालं ते फक्त किसनरावांना दिसत नव्हतं. त्यांना एका डोळ्यानंच दिसत होतं म्हणा.

आणि पाचव्या दिवशी सकाळी चहा जमला.

कसा जमला ते नीट ऐका, कारण किसनरावांनी पुढं ते प्रत्येकाला सांगितलं. आलं किसायचं नाही, दगडानं ठेचायचं, हे हिरासिंगचं. ते आधी पाण्यात टाकून पाण्याला रंग येऊ द्यायचा, मग साखर, आणि साखर विरघळल्यावर पत्ती. पत्ती शिजल्याचा वास घशात आला की दूध टाकायचं, पण गार नाही, शेजारी तापवलेलं. मग तीन उकळ्या. पहिलीला भांडं उचलायचं, दुसरीला उचलायचं, तिसरीला गॅस बंद. आणि मग, हे कबूल करताना किसनरावांना फार जड गेलं, ताट झाकून दोन मिनिटं हात लावायचा नाही. गोपाळराव चार सांगत होते. किसनरावांनी दोनावर तडजोड केली. साखर किती आणि पत्ती किती ते मात्र त्यांनाही सांगता येईना. हात आपोआप थांबला, तेवढी. त्यांनी पार्वतीबाईंना फोन करून "अंदाज सापडला" एवढंच सांगितलं.

पहिला कप त्यांनी पुनमला हाक मारून दिला. ती गेटपाशी उभ्या उभ्याच प्याली. 

"लई भारी झालाय, आबा," ती म्हणाली. मग पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "उद्याच्याला मी टाकू का? बाहेर येऊन टाकते पायजे तर."

"नको बाई," किसनराव म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष दुसऱ्या पातेल्याकडं होतं.

"बरं," पुनम म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. तिच्यावरचा माणूस बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, एक कट चहा मारा."

किसनरावांना आधी काही उमगलंच नाही. पण दारात आलेल्याला चहा विचारू नये अशी त्यांच्या घराण्याची रीत नव्हती. त्यांनी दिला. माणूस प्याला, वाह म्हणाला आणि खिशात हात घातला. "नोट ठेव आत!" किसनराव कडाडले. "हाटेल वाटलं व्हय तुला?" माणसानं लुगड्याच्या छताकडं पाहिलं, पत्र्याकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, काळ्या चष्म्याकडं पाहिलं आणि "न्हाई, न्हाई," असं घाईनं म्हणून निघून गेला. तो गेला तो थेट चार माणसांना सांगायलाच.

दुपारपर्यंत वाशीमकडं जाणारे दोन ट्रक थांबले. सहाव्या दिवशी नरसीहून परतणारी अख्खी टेम्पोभर मंडळी उतरली. फुकट चहा आणि असला चहा! किसनराव पातेल्यामागून पातेलं चढवत होते, पुनम आतून हताशपणे बघत होती आणि हिरासिंगच्या जीपमधून साखर आता गोणीनं यायला लागली होती. बरं, फुकट पिणाऱ्यांनी गप प्यावं की नाही? एकानं विचारलं, "बिस्कूट न्हाई का?" दुसरा म्हणाला, "मामा, साखर जरा कमीच पडली." हे वाक्य किसनरावांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं, ते आपल्याला ऐकावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ज्यानं म्हटलं त्याला त्यांनी दुसरा कप दिला नाही.

पण खरा घाव पुढंच बसायचा होता. एक म्हातारी कपातला शेवटचा थेंब बशीत झटकून म्हणाली, "पोटाला लेकरं न्हाईत का रं बाबा तुला?"

"हाय की. हे समोरचं घर लेकीचंच हाय. बावीस एकराचा मालक हाय मी, आजी!"

म्हातारीनं घराकडं पाहिलं. मग काळ्या चष्म्याकडं. मग "अरं देवा," म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेली. संध्याकाळपर्यंत साऱ्या प्लॉटिंगमध्ये झालं की सतरा नंबरच्या लेक-जावयानं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला गेटाबाहेर काढलंय आणि बिचारा चहा विकून पोट भरतोय. जमीनही लिहून घेतली म्हणे.

सातव्या दिवशी नगरपालिकेची अतिक्रमणाची गाडी आली. त्यातून प्रेमदास नावाचा एक सभ्य गृहस्थ उतरला. त्यानं दोन कप चहा घेतला, असा चहा जिल्ह्यात नाही असं मोठ्या मनानं सांगितलं आणि लुगड्यासह टपरीचे तीन बाजूंनी फोटो काढले. "मामा, तकलीफ देऊ वाटत न्हाई," तो म्हणाला, "पण तक्रार हाय. उद्यापर्यंत काढून घ्या." किसनराव त्याला समजावत राहिले की ही टपरीच नव्हे. प्रेमदास मान डोलवत राहिला. टपरीवाले सगळे असंच म्हणतात, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

आणि पाच वाजता विश्वंभर कचेरीतून आला तो पडलेला चेहरा घेऊनच. विश्वंभर एका सरकारी कार्यालयात लिपिक. आठ वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर कधी शेरा नव्हता. आज हातात साहेबांचा कागद होता; तीच तक्रार कचेरीतही पोचली होती. राहत्या घरासमोर विनापरवानगी चहाचा व्यवसाय चालवणे, तसेच वृद्ध व आजारी सासऱ्यास त्या व्यवसायात राबवणे, या दोन बाबींचा लेखी खुलासा उद्या अकरापर्यंत सादर करावा, अन्यथा पुढील कारवाई होईल. विश्वंभर तो कागद चार वेळा वाचून बसला होता. सासऱ्याला मात्र तो एका शब्दानं काही बोलला नाही. असला जावई मिळायलाही नशीब लागतं, पण ते किसनरावांच्या ध्यानात यायचं होतं.

खुलासा लिहायला गोपाळराव आले. असल्या कागदांचा त्यांना दांडगा अनुभव. ओसरीवर टेबल आलं, कार्बन आला, तीन प्रतींची तयारी झाली. किसनराव आपल्या हद्दीत, बाभळीखाली, बाकावर ताठ बसून होते.

"खरं ते लिहा," गोपाळराव विश्वंभरला सांगत होते. "आणि कारण लिहा. कारण नसेल तर खुलासा फेटाळतात. सासरे बाहेर चहा का करतात? घरात घेत नाहीत म्हणून. घरात का घेत नाहीत? ते आलं पाहिजे."

विश्वंभरचं पेन थांबलं. मग त्यानं मान खाली घालून लिहिलं. बराच वेळ लागला त्याला.

"काय लिवलं, वाचा की जरा," किसनराव बाहेरून ओरडले. "माहं नाव हाय त्याच्यात. मला कळू द्या."

"राहू द्या, मामा."

"काहून राहू द्या? ह्या डोळ्यानं वाचता येत न्हाई म्हनून?"

पुनम दारात उभी होती. तिनं टेबलावरचा कागद उचलला, पायऱ्या उतरली, गेटपाशी आली आणि वाचायला लागली. शाळेत धडा वाचावा तसं, एका सुरात.

"'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, सदर ठिकाणी कोणताही व्यवसाय नाही. माझे सासरे श्री. किसनराव हे माझ्या घरी अन्न, पाणी अथवा चहा घेत नाहीत. कारण की, आम्हा उभयतांच्या विवाहास चार वर्षे होऊनही आम्हास अद्याप मूल...'"

ती थांबली. बाभळीखाली शेगडीवर आधण नुसतं खदखदत होतं.

 

"एवढंच हाय," पुनम म्हणाली. "तीन कापी. एक साहेबाला, एक फायलीला, एक आमाला. आबा, आमी दोघं वर्षातून चारदा नांदेडला दवाखान्यात जातो. तिथला डॉक्टर बी मला एवढ्या वक्ताला इचारत न्हाई, जेवढ्या वक्ताला तुमी आठवण करून देता. सकाळी नको बाई, दुपारी नको बाई, संध्याकाळी नको बाई. तुमी म्हणता चहा नको. मला ऐकू येतं ते हेच." आणि तिनं कागदावर बोट ठेवलं.

किसनरावांना ते अकरा नाकारलेले चहा आठवले. चार वर्षं आपण नेम पाळला. लोक म्हणाले, किसनराव म्हणजे किसनराव. आणि आतमध्ये ही लेक दर वेळी गॅस बंद करत होती. त्यांना एकदम स्वतःचीच लाज वाटली. जन्मात कधी कुणाच्या घरी चुकीचं पाऊल टाकलं नाही अशा माणसाला कळलं की आपण पोटच्या पोरीच्या दारात बसून चार वर्षं तिला टोचत होतो. तेही अभिमानानं.

त्यांनी उठून शेगडी बंद केली. ते गोपाळरावांचे तीन फूट ओलांडून आले, गेटातून आत आले, ओसरी चढले आणि कुणाकडंही न बघता थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर पाटावर बसले. या घरातलं स्वयंपाकघर ते पहिल्यांदाच बघत होते. भिंतीला कपांची रांग टांगलेली होती. पाहुण्यांचे कप वेगळे, नवेकोरे.

"टाक बाई चहा," ते म्हणाले.

"आबा, नेम?"

"नेम माहा हाय. त्याचं मी बघून घेतो. तू टाक."

पुनमनं पाहुण्यांचा कोरा कप काढला. "तुमच्यासारखा टाकू? आलं ठेचून?"

"तुह्यासारखा टाक."

आणि पुनमनं तिच्यासारखा टाकला. म्हणजे पातेल्यात पाणी, फ्रीजमधलं गारढोण दूध, साखर आणि पत्ती हे सगळं एकाच वेळी, वरून पाकिटातला चहा मसाला, आणि पहिली उकळी आली न आली तोच गॅस बंद. झाकण नाही, ठेचणं नाही, काही नाही. दारात उभ्या गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले. किसनरावांच्या गुडघ्यावरची बोटं प्रत्येक टप्प्याला नुसती वळवळत होती. पण त्यांनी दात दाबून धरले आणि शेवटपर्यंत एक अक्षर काढलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी केलेलं हे सर्वांत अवघड काम.

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका मारला. चांगला मोठा, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असा. पानचट, गोडमिट्ट आणि कच्च्या पत्तीचा.

"कसा झालाय?" पुनमनं विचारलं. 

किसनरावांनी बशी रिकामी केली आणि पुढं धरली. "आनखी दे," ते म्हणाले. "अर्धी नको, भरून दे."

पुनमनं पातेलं उचललं. निम्मा चहा बशीत पडला, निम्मा फरशीवर, कारण तिला समोरचं दिसतच नव्हतं. किसनराव तेवढ्यात पार्वतीबाईंना फोन लावून बसले होते. असली बातमी एकट्यानं सांभाळणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"पेला का शेवटी?" पलीकडून पार्वतीबाई म्हणाल्या. "बरं झालं. मी तर चार वर्सांपासून पेऊन राहिले. तुमाला कोण सांगल?"

 किसनराव तोंड पुसून म्हणाले, "चालू द्या." पण या वेळी त्यात काही जोर नव्हता.

विश्वंभर कागद घेऊन आत आला. "मामा, आता खुलाशात काय लिहू? दिलेलं कारणच राहिलं न्हाई."

"खोडून बाजूला सही करावी लागेल," गोपाळराव म्हणाले. "तिन्ही प्रतींवर."

"फाडा तो कागद," किसनराव म्हणाले. "नवा घ्या आन् मी सांगतो तसं लिवा. टपरी उद्या सकाळी निघंल. सासरा तिथं चहा शिकत होता, ते झालं शिकून. आता तो लेकीच्या हातचा चहा पेतो. रोज पेतो. जितक्या वक्ताला ती देईल तितक्या वक्ताला पेतो."

"आणि कारण?" गोपाळरावांनी सवयीनं विचारलं.

"कारण लिवा, ती माही लेक हाय."

विश्वंभरनं तसंच्या तसं लिहिलं. गोपाळरावांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका अक्षराची दुरुस्ती न करता सहीसाठी परत दिला.